चौथा दिवा

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. तुमच्यापुढे बोलायला उभी राहिले खरी, पण मनातून मला संकोच वाटतो. इतरांच्या गोष्टीत पराक्रम असतो, मानसन्मान असतो. माझ्याही गोष्टीत थोडाफार आहे. पण मधेच एक संध्याकाळ अशी येते की, ती आठवली की मला पाण्यावर तरंगण्याचीही लाज वाटते. त्या संध्याकाळी खरं काय घडलं ते मला ठाऊक होतं. मला तोंड नाही, म्हणून मी बोलू शकले नाही. पण ज्यांना तोंड होतं, तेही गप्प राहिले. ती गोष्ट आज सांगून टाकते.

माझा जन्म १९८७ साली अंबरनाथला झाला. तिथे कारखान्यांच्या वस्तीत धोंडिबा मिस्त्री नावाच्या कारागिराची पत्र्याची शेड होती. त्या शेडमध्ये फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि बागेतल्या घसरगुंड्या बनत. होडी धोंडिबांनी त्याआधी कधी केली नव्हती. पण जवळच्याच एका रसायनांच्या कारखान्यात विष्णुपंत नावाचे साहेब मोठ्या हुद्द्यावर होते. वांगणीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक पाझर तलाव आहे. त्याच्या काठाला विष्णुपंतांनी जमीन घेऊन छोटी बंगली बांधली होती. सुट्टीच्या दिवशी तलावात फिरायला त्यांना दहा माणसांची होडी हवी होती.

धोंडिबांनी साच्यावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरलं, त्यावर उग्र वासाचं चिकट रेझिन फासलं, मग पुन्हा कापड, पुन्हा रेझिन. मधे लाकडाच्या फळ्या घालून माझा तळ जाड केला. मी तयार झाल्यावर त्यांनी मला दोन लाकडी घोड्यांवर ठेवलं आणि माझ्या पोटात काठोकाठ पाणी भरलं. दोन दिवस ते माझ्याखाली वाकून कोरड्या फडक्याने तळ चाचपत राहिले. टेम्पोवाला कुरकुरला, तेव्हा म्हणाले, "दोन दिवस थांबल्यानं कुणाचं काही अडत नाही. पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढं एकच काम आहे हिला. ते तरी नीट करू दे."

फडकं कोरडं राहिलं. मला फार अभिमान वाटला.

टेम्पोतून बदलापूर, वांगणी करत मी तलावावर आले. विष्णुपंतांच्या लेकीने, उमाने, माझ्या नाकाडावर पांढऱ्या रंगाने 'मासोळी' असं नाव लिहिलं. पुढे ती लग्न होऊन लांब गेली, पण तिने घातलेलं नाव बरीच वर्षं माझ्या अंगावर होतं.

मला वल्हवायला विष्णुपंतांनी चांगोला ठेवलं. चांगो तलावाच्या वरच्या ठाकरवाडीतला. अंगाने सडसडीत, बोलायला कमी. हा तलाव बांधला गेला तेव्हा तो पोरसवदा होता. तळाशी कोणती झाडं तोडली आणि कुणाची खोडं तशीच राहिली, हे त्याला पाठ होतं. "हितं उंबराचं खोड हाय," असं स्वतःशीच पुटपुटत तो मला हातभर बाजूने नेई. सात वर्षांत एकही खोड माझ्या तळाला लागलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो. मी तर ती कधीच विसरणार नाही.

विष्णुपंतांच्या पत्नीला सगळे माई म्हणत. माईंना पाण्याची भीती वाटे. सुरुवातीला त्या माझ्या काठाला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसत. चांगो त्यांना म्हणे, "माई, तुमी पाण्याकडं बगू नका. माज्याकडं बगा." मग माई त्याच्याकडे बघत आणि तो इतका शांत दिसे, की त्यांची भीती ओसरे. दोन-तीन वर्षांत त्या माझ्यात बसून पालेभाजी निवडू लागल्या.

१९९१च्या पावसात वाडीकडचा ओढा फुगला आणि रस्ता तुटला. वाडीतली राही बाळंतपणाला अडली होती. चांगोने बंगलीवर येऊन विचारलं, "साहेब, होडी नेऊ का?" विष्णुपंत म्हणाले, "हे विचारायला इथवर आलास? आधी न्यायचीस." चांगोने राहीला आणि तिच्या सासूला माझ्यात घातलं आणि भर पावसात तलाव ओलांडून पलीकडच्या रस्त्याला लावलं. तिथून तिला बदलापूरला नेलं. राहीला मुलगी झाली. पुढे ती मुलगी मला बघायला काठावर येई, तेव्हा आपण काहीतरी आहोत असं मला वाटे.

विष्णुपंत वाईट नव्हते हे कळावं, एवढ्यासाठी हे सांगितलं. वाईट माणसाची गोष्ट सांगणं सोपं असतं.

१९९४ साली विष्णुपंत निवृत्त झाले. आदल्या वर्षी कारखान्याने त्यांना बँकॉकला पाठवलं होतं. तिथे त्यांनी सहलीच्या बोटी पाहिल्या होत्या. त्यांच्या पोटाला, पाण्याखाली, दिवे बसवलेले होते. बोट चालली की तिच्याभोवतीचं पाणीच उजळून निघे. ते दृश्य त्यांच्या मनातून जाईना. निवृत्तीनंतर कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना सहकुटुंब तलावावर बोलवायचं आणि त्यांना असं काही दाखवायचं की चार वर्षं नाव काढतील, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी उल्हासनगरहून चंदरला बोलावलं. चंदर विठ्ठलवाडीच्या चाळीत राहायचा आणि कॅम्प तीनमधल्या एका सिंधी सेठच्या डेकोरेशनच्या दुकानात वायरमन होता. लग्नाच्या मांडवातले धावते दिवे, गणपतीच्या मागची फिरती चक्रं, सगळं तो लावायचा. हात मोठा कसबी. फक्त नाही म्हणणं त्याला जमत नसे.

"पाण्याखाली लावले नाहीत कधी, साहेब," तो म्हणाला, "लेकिन हो जाएगा. टेन्शन नका घेऊ."

त्याने मुंबईला दारूखान्यात, जिथे जुन्या जहाजांचं सामान विकतात, तिथे जाऊन पितळी कवचाचे चार दिवे शोधून आणले. जाड काच, आत हॅलोजनचा बल्ब, मागे नळीसारखी मान आणि तिला आटे. दिवा बाहेरून तळाच्या भोकात घालायचा, काचेच्या कडेखाली रबरी वायसर आणि फटी बुजवणाऱ्या सीलंटचा लेप द्यायचा आणि आतून नट आवळायचा. वीज ट्रकच्या बॅटरीवरून.

मला काठावर ओढून पालथी घातली. चंदरने खडूने चार खुणा केल्या, दोन उजव्या अंगाला, दोन डाव्या. मग गोल करवतीचं ड्रिल चालू झालं.

मित्रांनो, ज्या तळातून पाण्याचा थेंब आत आला नव्हता, त्या तळाला चार भोकं पडली. मला दुखलं म्हणत नाही. मलाही दिवे हवेच होते. खरं सांगायचं तर मी हुरळून गेले होते. तलावातली एक साधी होडी, आणि आता तिच्या पोटाखाली उजेड पडणार. म्हणून म्हणते, लाजेतला थोडा वाटा माझाही आहे.

तीन दिवे झकास बसले. चौथा बसेना. तो डाव्या अंगाचा, मागचा. साच्यातल्या फरकामुळे तिथे माझ्या तळाला उजव्या अंगापेक्षा जास्त गोलाई आहे. दिव्याची कडा सपाट, तळ गोल. एका बाजूला बोटभर फट राही. चंदरने ती पाहिली आणि तो उकिडवा बसून विचार करू लागला.

"याला खाली लाकडाची पाचर बनवावी लागेल, गोलाईच्या मापाची," तो विष्णुपंतांना म्हणाला. "सुताराकडून करून आणतो. आणि सीलंटला दोन दिवस सुकू द्यायला पाहिजे. त्याच्याआधी पाण्यात नको."

"अरे, उद्या संध्याकाळी पाहुणे येतायत," विष्णुपंत म्हणाले. "दोन दिवस कुठून आणू? काहीतरी कर. तू कारागीर आहेस ना?"

त्या वेळी चंदरने 'नाही जमणार' म्हटलं असतं, किंवा तीनच दिवे लावू म्हटलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तो म्हणाला, "हां, करतो ॲडजस्ट." आणि त्याने ती फट सीलंटने भरून टाकली. वरून बोटाने असा सफाईदार हात फिरवला की बघणाऱ्याला चारही दिवे सारखेच वाटावेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला पाण्यात लोटायला चांगो आला. पालथ्या तळावरून तो नेहमीसारखा हात फिरवत गेला. चौथ्या दिव्यापाशी त्याचा अंगठा आत रुतला.

"चंदरभाऊ, यो मऊ हाय."

"पाण्यात गेला की घट्ट होईल," चंदर म्हणाला, पण त्याने चांगोकडे पाहिलं नाही.

चांगोचं समाधान झालं नाही. तो पाय झटकून बंगलीच्या पायरीपाशी गेला. "साहेब, आज नको नेऊ. मागला दिवा आजून वला हाय."

विष्णुपंत टेबलं मांडून घेत होते. त्यांच्या डोक्यात शंभर कामं होती. "चांगो, दिव्यातलं तुला काय कळतं? तू तुझं वल्हव," असं म्हणून ते आत गेले.

पाहुणे आले. दहा कुटुंबं होती. दिवस मावळला आणि तिन्हीसांजेला पहिली फेरी निघाली. माझ्यात विष्णुपंत, माई, त्यांचे कारखान्यातले मित्र दिनानाथ आणि आणखी पाच जण होते. बाकीचे काठावर उभे राहिले. चांगोने चार वल्ही मारली आणि चंदरने समजावलं होतं तसं विष्णुपंतांनी बटण दाबलं.

पाणी आतून उजळलं. हिरवट, काचेसारखं पारदर्शक. खालचं शेवाळ हलताना दिसू लागलं. बारीक मासळी कुठून कुठून गोळा झाली आणि माझ्याबरोबर पोहू लागली. काठावरून टाळ्या वाजल्या. दिनानाथ म्हणाले, "विष्णुपंत, मानलं बुवा तुम्हाला." विष्णुपंतांचा चेहरा मी खालून बघत होते. एवढे आनंदी ते उमाच्या लग्नातही दिसले नसतील.

आणि त्याच वेळी मला माझ्या डाव्या कुशीत गार लागलं.

आधी थेंब, मग धार. फळीखाली पाणी साठू लागलं. कुणाला दिसलं नाही, पण चांगोला वल्ह्यात माझं वजन कळलं. त्याने वाकून फळी उचलून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मागं फिरतो. पाणी येतंय आत."

"येईल थोडंफार. त्या वळणापर्यंत ने, फोटो काढायचाय," विष्णुपंत म्हणाले.

चांगोने ऐकलं नाही. त्याने मला वळवलं. पण वळताना मी डाव्या अंगाला कलले आणि आतलं सगळं पाणी त्या बाजूला धावलं. पाय भिजले तसा कुणीतरी दचकून उभा राहिला, त्याच्यामागे दुसरा उभा राहिला. "बसा, बसा, हलू नका," चांगो सांगत होता. तेवढ्यात तो सीलंटचा गोळा सुटला, चौथा दिवा एका अंगाला लटकला आणि पाणी कारंज्यासारखं आत आलं.

काठ तीस-चाळीस पावलांवर होता. पुरुषांच्या छातीइतकंच पाणी होतं, त्यामुळे बहुतेक जण धडपडत, एकमेकांना धरत चालत बाहेर निघाले. पण माई खोल बाजूला पडल्या. त्यांचं नऊवारी पायात गुंडाळलं गेलं. चांगोने वल्हं टाकून उडी घेतली, त्यांना खांद्यावर घेतलं आणि त्यांचं डोकं आपल्या गालाशी धरून, "माई, माज्याकडं बगा," म्हणत काठाला आणलं. मी तळाशी टेकले. माझे तीन दिवे पाण्याखाली काही क्षण तसेच जळत राहिले, मग बॅटरी गेली.

कुणाचा जीव गेला नाही. पण एक गेलंच, ते आता सांगते.

काठावर सगळे ओलेचिंब उभे होते. कुणाचा कॅमेरा गेला होता, कुणाचा चष्मा. ज्या मित्रांना दिपवायचं होतं त्यांच्यासमोर विष्णुपंतांची होडी बुडाली होती. त्यांना मान वर करवत नव्हती. तेवढ्यात धोतर पिळता पिळता एका म्हाताऱ्या पाहुण्याने विचारलं, "झालं तरी काय?" आणि दिनानाथ म्हणाले, "होणार काय? हे लोक संध्याकाळी शुद्धीवर असतात का कधी?"

विष्णुपंतांनी ते वाक्य, बुडणारा माणूस फळी धरतो तसं, धरलं.

"चांगो, प्यायलायस तू," ते म्हणाले. "खोडावर घातलीस होडी."

चांगोच्या अंगातून पाणी निथळत होतं. तो म्हणाला, "नाय साहेब. मी पेलो नाय. खोडबी नाय लागलं. मागला दिवा..." आणि त्याने चंदरकडे पाहिलं.

विष्णुपंतांनीही चंदरकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. चंदर काठावर हातात पकड घेऊन उभा होता.

"दिवे तर टाईट बसवले होते साहेब," तो म्हणाला. "खालून काहीतरी लागलं असेल."

माई घोंगडीत गुंडाळून पायरीवर बसल्या होत्या. त्या चांगोकडे बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

चांगोने कुणाकडे पुन्हा पाहिलं नाही. त्याने काठावर वाहून आलेलं माझं एक वल्हं उचललं, नीट झाडाला टेकवून ठेवलं आणि तो वाडीकडे चालू लागला. त्याची बायको ठमी बंगलीच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिला कुणीतरी सांगितलं. ती हात तसेच राखेने भरलेले घेऊन त्याच्यामागे गेली.

मला चार दिवसांनी वर काढलं आणि काठावर टाकून दिलं. माझ्या अंगावर जांभळाची पानं पडली, पोटात पाली राहू लागल्या. पण मला ते काही वाटलं नाही. मला बोच होती ती वेगळीच. आसपासच्या फार्महाउसवर बातमी पोचली होती, की तो ठाकर दारू पिऊन होडी बुडवतो. चांगोला मग कुणी राखणीलाही ठेवेना. तो वीटभट्टीवर जाऊ लागला. ठमी लाकडाची मोळी घेऊन माझ्याजवळून जाई, तेव्हा तोंड फिरवून जाई. ती मला दोष देत होती असं नाही. पण मला वाटे, तिने द्यावा. दार माझं उघडलं होतं. पाणी माझ्यातून आत आलं होतं. आणि पाण्याबरोबर ते खोटंही.

होळी झाल्यावर विष्णुपंतांनी चंदरला पुन्हा बोलावलं. होडी दुरुस्त करू, नवा माणूस ठेवू, असा त्यांचा विचार होता. चंदर आला, त्याने मला पालथी घातली आणि तळ साफ केला. पाच महिने ऊन खाऊनही चौथ्या दिव्याभोवती उरलेला सीलंट आतून मऊच होता. नखाने ओढला तसा तो सगळा निघून आला. बाकी तळावर एक ओरखडा नव्हता. खोडाचा नाही, दगडाचा नाही. चंदर तळावरून हात फिरवत राहिला, जसा चांगो फिरवायचा. मग तिथेच मातीत बसला.

माई चहा घेऊन आल्या होत्या. "काय झालं रे?" त्यांनी विचारलं.

"माई, मी खोटं बोललो," चंदर म्हणाला. "मला त्याच वेळेला माहीत होतं. चांगोनं बोट लावून दाखवलं होतं मला. सगळ्यांसमोर माझी इज्जत जाईल म्हणून मी त्याची घालवली."

त्याला वाटलं, माई आता रागावतील. पण माई कपबशी खाली ठेवून त्याच्यासमोर माझ्या पालथ्या अंगाला टेकून बसल्या.

"मी तरी काय केलं," त्या हळूच म्हणाल्या. "मला खांद्यावर घेऊन आला ना तो. त्याचं तोंड माझ्या तोंडाशी होतं. कसलाही वास नव्हता, चंदर. मला पक्कं ठाऊक होतं. ह्यांना चारचौघांत खोटं कसं पाडायचं, म्हणून मी गप्प बसले. आणि माझा तर जीव वाचवला होता त्यानं."

मग माई उठल्या आणि चंदरला घेऊन बंगलीत गेल्या. चहा गार झाला.

विष्णुपंतांना सांगितलं, तेव्हा ते आधी चिडले. मग म्हणाले, "आता उकरून कुणाला काय मिळणार?"

"आपल्याला काही नाही मिळणार," माई म्हणाल्या. "त्याचं त्याला परत मिळेल."

विष्णुपंत खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिथूनच ते म्हणाले, "त्यानं मला पायरीशी येऊन सांगितलं होतं. दिवा ओला आहे म्हणून. मी ते आठवायचंच नाही असं ठरवलं होतं."

तिघं वाडीवर गेले. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही, पण परत येताना माई आणि विष्णुपंत माझ्यापाशी थांबून बोलले, त्यावरून मला कळलं. चांगोने त्यांना ओटीवर बसवलं. ठमीने पाणी दिलं. विष्णुपंतांनी मान खाली घालून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. चंदरने चांगोचे पाय धरले, तर चांगोने ते मागे घेतले.

"माजं तोंड तरी हुंगायचं व्हतं साहेब," तो म्हणाला. "हातभर अंतरावर उभा व्हतो मी."

मग म्हणाला, "तुमी हितवर आलात, बरं केलंत. पन ह्या ओटीवर मला सांगून काय? मला म्हाईतच व्हतं. ज्यांच्या म्होरं बोललात, त्यांना सांगा."

विष्णुपंतांनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. त्या रविवारी सकाळी दहा कुटुंबांतली सहा आली. उरलेल्यांना, आणि आजूबाजूच्या फार्महाउसवाल्यांना, त्यांनी स्वतःच्या हाताने पत्रं लिहिली. काठावर मी पालथी होते, चौथं भोक उघडं होतं. विष्णुपंतांनी त्या भोकावर हात ठेवून सांगितलं, "होडी खोडावर आदळली नव्हती. चांगो प्यायला नव्हता. घाई माझी होती, काम कच्चं होतं आणि आळ त्याच्यावर घातला." चंदरने आपला भाग सांगितला. माईंनी आपला. चांगो झाडाखाली उभा राहून ऐकत होता. ठमी त्याच्या शेजारी होती. तिने या वेळी तोंड फिरवलं नाही.

"पुन्हा ये वल्हवायला," विष्णुपंत म्हणाले.

"नाय साहेब," चांगो म्हणाला. त्यात राग नव्हता. नाही म्हणजे नाही.

मग माईंनी सुचवलं की होडी वाडीलाच द्यावी, पावसात ओढा फुगला की उपयोगी पडेल. चांगोने विचार करून होकार दिला. चंदरने चारही दिवे काढून नेले. भोकांना आत-बाहेरून फायबर आणि रेझिन लावलं, आणि या वेळी तो दोन दिवस माझ्याशेजारी बसून राहिला. वरून डांबराचा काळा हात दिला, त्याखाली 'मासोळी' हे नाव गेलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मीही मान वर करून संपवली असती. पण आणखी थोडं सांगायचं राहिलं.

१९९७च्या श्रावणात ओढा फुगला होता. वाडीजवळ जमीन बघायला आलेले दोन गृहस्थ वाडीच्या बाजूला अडकले. चांगो त्यांना माझ्यातून पलीकडे नेत होता. पाऊस होता, म्हणून त्याने डोक्यावरून इरलं घेतलं होतं. त्याचा चेहरा दिसत नव्हता. पण मी त्या दोघांतल्या एकाला आवाजावरून ओळखलं. ते दिनानाथ होते. त्या रविवारी ते आले नव्हते. त्यांना विष्णुपंतांचं पत्र मात्र गेलं होतं, आणि ते मिळाल्याचं त्यांनी कळवलंही होतं.

"याच तलावात एकदा गंमत झाली होती," दिनानाथ सोबतच्या माणसाला सांगू लागले. "आमच्या एका मित्राची होडी. पाण्याखाली दिवे लावलेले. आणि होडीवाला असा तर्र, की सरळ खोडावर घातली." ते हसले. सोबतचा माणूसही हसला.

खरं त्यांना ठाऊक होतं, मित्रांनो. पण खरं सांगण्यात गंमत नव्हती.

चांगोचं वल्हं पाण्यात एकदा थांबलं. मग पुन्हा चालू झालं, पहिल्यासारखंच, सावकाश. त्या क्षणी मला पुन्हा तळाशी जावंसं वाटलं. पण माझ्यात माणसं होती आणि चांगो त्यांना सुखरूप नेत होता, म्हणून मी पाण्याचा एक थेंब आत येऊ दिला नाही.

पलीकडे उतरल्यावर दिनानाथ म्हणाले, "फार चांगलं आणलंस बाबा. नाव काय तुझं?"

चांगोने इरलं मागे सारलं. "चांगो," तो म्हणाला. "वाडीवरचा."

दिनानाथांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चांगोकडे पाहिलं. सोबतचा माणूस पुढे चालू लागला होता. दिनानाथही वळले आणि बांध चढू लागले. चार पावलं गेल्यावर ते थांबले. त्यांची पाठ आमच्याकडे होती. छत्रीवर पाऊस वाजत होता. चांगो वल्हं धरून उभा होता, त्यांची वाट बघत असावा असा.

मग दिनानाथ पुढे निघून गेले.

चांगोने माझ्यातलं पावसाचं पाणी डब्याने उपसलं आणि आम्ही परत फिरलो.

मित्रांनो, होडीची काळजी घ्या, तिला भोक पाडलंत तर ते नीट बुजवा, लेप वाळायला वेळ द्या, हे तर मी सांगेनच. होडीने दुसरं काय सांगायचं? पण तुमच्याही हातून कधीतरी घाई होईल, कुणावर तरी नाहक आळ जाईल आणि नंतर तुम्हाला खरं कळेल. तेव्हा लाज वाटेल, पाय जड होतील, आणि सरळ पुढे निघून जावंसं वाटेल. अशा वेळी मागे चारच पावलं असतात. तेवढी परत या. समोरचा माणूस बहुतेक वेळा उभा असतो.